चेन सेट नवा, तरी मागून ‘खटॅक’ का येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 150 सीसीची, एका सिलिंडरची गाडी, 34,000 किलोमीटर पळालेली. 1,800 किलोमीटरपूर्वी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं, नवीन टाकली. तरीही थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की मागून ‘खटॅक’ असा आवाज येतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी झटके देते. चाक हाताने फिरवलं की चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबलेली दिसते. चाळीसच्या पुढे बारीक घरघर ऐकू येते. चेन दोनदा ताणून घेतली, आवाज चार दिवस कमी झाला आणि मग आधीपेक्षा वाढला. आता गिअरबॉक्स खोलायचा का?

नका खोलू, निदान आत्ता तरी नाही. गिअरबॉक्समधले दात किंवा डॉग, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट, झिजले की गिअर निसटतो, पडत नाही किंवा एखाद्याच ठरावीक गिअरमध्ये आवाज येतो. तुमचा झटका पहिल्यातही आहे, दुसऱ्यातही आहे आणि थ्रॉटल सोडता-देतानाच आहे. म्हणजे इंजिनाची ओढ चाकापर्यंत पोचायच्या वाटेत कुठेतरी मोकळी जागा पडली आहे. ओढीची दिशा बदलली की ती जागा भरून निघते आणि धातूवर धातू आपटतो.

ही वाट नीट डोळ्यांसमोर आणा. गिअरबॉक्सचा शाफ्ट, त्यावर पुढचं छोटं स्प्रॉकेट, मग चेन, मग मागचं मोठं स्प्रॉकेट. इथपर्यंत सगळ्यांना दिसतं. पण मागचं स्प्रॉकेट थेट चाकाला बसवलेलं नसतं. ते एका वेगळ्या थाळीवर, म्हणजे स्प्रॉकेट हबवर बोल्टने बसतं. या हबला मागे पाकळ्या असतात, त्या चाकाच्या हबमधल्या खणांत शिरतात आणि दोघांच्या मध्ये रबराचे ठोकळे असतात. कुणी त्यांना हब रबर म्हणतं, कुणी कश रबर, कुणी डॅम्पर. बहुतेक गाड्यांत स्प्रॉकेट हबला स्वतःचं एक बेअरिंगही असतं. चाकातली दोन आणि हे तिसरं. चेन सेट बदलताना या आतल्या भागाकडे सहसा कुणी बघत नाही, कारण चाक हबपासून वेगळं केल्याशिवाय तो दिसतच नाही. माझ्याकडे ‘नवा चेन सेट टाकून उपयोग झाला नाही’ अशी जी गाडी येते, तिच्यात मी आधी इथेच बघतो.

रबर कशासाठी ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. फोरस्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. त्यामुळे ओढ सलग नसते, ठोक्याठोक्याने येते. हे ठोके रबर गिळतं. रबर दबून पातळ झालं की प्रत्येक ठोका आधी हबच्या पाकळीवर बसतो आणि तिथून चेनवर, दातांवर, बेअरिंगवर. तुमची जुनी चेन झिजली त्यात या रबरांचा हात असणार, आणि आता नव्या चेनचं तेच चाललंय. चेन ताणल्यावर आवाज चार दिवस दबला, कारण एकूण मोकळ्या जागेतली चेनची मोकळीक तेवढी कमी झाली. रबरांची मोकळीक जिथल्या तिथे राहिली, आणि वर ताठ चेनने हबच्या बेअरिंगला सतत खेचून धरलं. घरघर वाढली ती त्यामुळे, असा माझा कयास आहे. पण कयासावर सुटे भाग आणायचे नसतात. खालच्या तपासण्या करायला अर्धा तास पुरतो आणि त्यांना चाक उतरवावं लागत नाही.

गाडी सेंटर स्टँडवर किंवा मागचं चाक उचलणाऱ्या स्टँडवर घ्या. इंजिन बंद, चावी काढलेली, गिअर न्यूट्रल. चावी काढा हे मी उगाच म्हणत नाही. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिलेत. त्यातल्या एकाच्या बोटाचं पेर फडक्यासकट स्प्रॉकेटच्या दातांत गेलं. बोट बाहेर काढायला चाक उलटं फिरवावं लागलं, तेव्हा ते मी स्वतःच्या हाताने फिरवलंय. चेनचं कुठलंही काम चाक हाताने फिरवूनच करायचं.

पहिली तपासणी रबरांची. मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा, म्हणजे चाक जाम होईल. आता दोन्ही हातांनी मागचं स्प्रॉकेट धरून पुढे-मागे फिरवून बघा. हातमोजा घाला, दात लागतात. रबर चांगलं असेल तर स्प्रॉकेट जागचं हलल्यासारखं वाटत नाही, जोर लावला तर रबर दबल्याचा घट्ट प्रतिकार लागतो आणि हात सोडला की ते परत येतं. रबर गेलं असेल तर स्प्रॉकेट आधी काहीही न अडता मोकळं सरकतं आणि मग ‘टक’ करून थांबतं. दातांच्या टोकाशी ही मोकळी सरक दोन-तीन मिलिमीटरच्या वर असेल तर मी रबर बदलतो. गिअर टाकून ही तपासणी करू नका. तेव्हा गिअरबॉक्समधल्या दातांची नैसर्गिक मोकळीक आणि चेनची ढील त्यात मिसळते आणि चांगलं रबरही खराब वाटतं. गिअरबॉक्सवर नाहक आळ येतो तो बऱ्याचदा इथूनच.

दुसरी तपासणी हबच्या बेअरिंगची. स्प्रॉकेट वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा, म्हणजे थाळी डोलते का ते कळेल. किंचित रबरी लवचीकपणा चालतो. पण कट्-कट् असं डोलणं लागलं तर बेअरिंग गेलंय किंवा बेअरिंगचं घर मोठं झालंय. काही लहान गाड्यांत हबला वेगळं बेअरिंग नसतं, हब चाकाच्या नळीवर नुसता सरकवलेला असतो. तिथे थोडं डोलणं स्वाभाविक आहे, पण रबर दबली की तेही वाढतं.

तिसरी, चाकाच्या बेअरिंगची. टायर वर-खाली धरून हलवा, मग पुढे-मागे धरून हलवा. चाक स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दुहेरी दांड्याच्या, तुलनेत हलत असेल तर बेअरिंग. चाकाबरोबर स्विंगआर्मही हलत असेल तर दोष स्विंगआर्मच्या बुशमध्ये आहे आणि ते काम वेगळं. नक्की कळत नसेल तर एक बोट असं ठेवा की ते टायरला आणि स्विंगआर्मला एकाच वेळी टेकेल. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते.

घरघरीसाठी रस्त्यावरची एक चाचणी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चाळीसच्या आसपास क्लच दाबा आणि गाडी नुसती वाहू द्या. घरघर तशीच राहिली आणि वेगाबरोबर हळूहळू खाली आली तर ती चाकाशी फिरणाऱ्या गोष्टींची आहे, म्हणजे बेअरिंग किंवा टायर. क्लच दाबताच आवाज गायब झाला आणि ओढ दिली की परत आला तर चेन आणि दात बघा.

आता चेनचं एका जागी ताठ होणं. हे कशामुळे होतंय ते खडूच्या दोन खुणांनी ठरवता येतं आणि ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला कुठलंही महागडं हत्यार लागत नाही. चाक हळूहळू फिरवत चेन सगळ्यात ताठ होते ती जागा शोधा. तिथे थांबून टायरवर सर्वांत खालच्या बिंदूला एक खूण करा आणि खालच्या चेनच्या मधल्या कडीवर दुसरी. मग चाक फिरवत राहा आणि चेन पुन्हा कधी ताठ होते ते पाहा. टायरची खूण खाली आली की दर वेळी ताठ होत असेल, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. स्प्रॉकेट मध्यापासून सरकलंय, हब वाकडा आहे किंवा स्प्रॉकेट आणि हबच्या मध्ये घाण अडकून ते तिरकं बसलंय. चेनची खूण त्याच जागी आल्यावरच ताठ होत असेल तर दोष चेनमध्ये आहे. समजा चेन 120 कड्यांची आणि मागचं स्प्रॉकेट 42 दातांचं असेल, तर चेनची एक फेरी पुरी व्हायला चाकाच्या 2.86 फेऱ्या लागतात. म्हणून दोन खुणा दर फेरीला एकत्र येत नाहीत आणि दोष कुणाचा ते स्वच्छ दिसतं. ताठ जागा चाकाच्या एकाच फेरीत तीनदा येत असेल तर पुढचं स्प्रॉकेट बघा. पुढे 14 आणि मागे 42 दात असले की पुढचं बरोबर तीनपट फिरतं. त्याच हिशोबाने पुढचा प्रत्येक दात तीनपट झिजतो, आणि नेमकं तेच स्प्रॉकेट झाकणाखाली असल्यामुळे बघायचं राहून जातं.

चेन मोजायचीही एक रीत आहे. लोक म्हणतात चेन ‘ताणली’. पण लोखंडाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश झिजतं, प्रत्येक सांध्यात केसाएवढी मोकळीक येते आणि शंभरावर सांध्यांची मिळून लांबी वाढते. 428 क्रमांकाच्या चेनमध्ये पिन ते पिन अंतर 12.7 मिलिमीटर असतं, 520 च्या चेनमध्ये 15.875. पहिला आकडा म्हणजे इंचाचे आठवे भाग, म्हणजे 4 असेल तर अर्धा इंच, 5 असेल तर पाच अष्टमांश. खालची चेन ताणून धरून 21 पिना मोजा आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत माप घ्या. मध्ये 20 कड्या येतात. नव्या 428 ला हे माप 254 मिलिमीटर भरतं, 520 ला 317.5. टाकून द्यायची मर्यादा कंपनीगणिक वेगळी आहे, तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. पुस्तक नसेल तर मी 1 टक्का धरतो, म्हणजे 428 ला 256.5 आणि 520 ला साधारण 320.7. चेनच्या निदान तीन-चार जागी मोजा. तीन जागी 254.5 आणि चौथ्या जागी 256 भरलं, तर चेन असमान झिजली आहे. अशी चेन कितीही ताणली तरी एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल राहणारच.

दात बघताना त्यांच्या दोन्ही उतारांची तुलना करा. नवा दात दोन्ही बाजूंना सारखा असतो. झिजलेला एका बाजूला खोल जाऊन आकड्यासारखा वाकतो. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. दाताची अर्धी उंची उघडी पडली तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही गेली. आणि दातांच्या बाजूच्या भिंती बघा. एकच भिंत घासून चकचकीत झाली असेल तर चाक तिरकं बसलं आहे.

तुमची चेन 1,800 किलोमीटरचीच आहे. माप अर्ध्या टक्क्याच्या आत असेल आणि दात दोन्ही उतारांना सारखे असतील, तर तीच परत लावा, उगाच टाकू नका. पण एकच गोष्ट खराब निघाली, नुसती चेन किंवा नुसतं एखादं स्प्रॉकेट, तर तिन्ही एकत्र बदला. झिजलेल्या चेनला नवं स्प्रॉकेट दिलं की ती त्याला आपल्याच मापात घासून घेते.

आता काम. चाक काढायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या, नाहीतर नंतर हात चोळत बसाल. मागच्या स्प्रॉकेटचे नट सोडायचे असतील तर चाक गाडीवर असतानाच, ब्रेक दाबून सैल करा. पुढच्या स्प्रॉकेटचा नटही चेन चढलेली असतानाच सैल करायचा. त्याच्याखाली दुमडलेली पत्री असेल तर आधी ती छिन्नीने सरळ करा आणि परत बसवताना नवी वापरा. काही गाड्यांत नटाऐवजी दोन बोल्टची पातळ थाळी असते. तिथे पुढचं स्प्रॉकेट शाफ्टवर जरासं डुलतं, ते तसंच अपेक्षित आहे. मात्र शाफ्टच्या खाचांजवळ विटकरी भुकटी दिसली तर खाचा घासल्या जातायत असं समजा.

ॲक्सलचा, म्हणजे चाकाच्या आडव्या दांडीचा, नट काढा, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) असेल तर ती फेकून द्या, परत तीच वापरू नका. डावीकडचा स्पेसर, उजवीकडचा स्पेसर, वॉशर हे सगळं ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने जमिनीवर फडक्यावर मांडा आणि फोनने फोटो काढून ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना पेडल अजिबात दाबू नका. पॅड पुढे येऊन बसतात आणि डिस्क परत आत जात नाही. ड्रम असेल तर ब्रेकचा रॉड आणि ब्रेकप्लेट अडकवून ठेवणारी पट्टी दोन्ही सोडा.

चाक आडवं ठेवा आणि स्प्रॉकेट हब वर ओढा. रबर चांगली असतील तर हब सहज निघत नाही, हलवत-हलवत ओढावा लागतो. तुमचा बहुधा अलगद हातात येईल, आणि तसा आला तर निदान तिथेच झालं. आत बघा. खणांच्या तळाशी काळी, पेन्सिलीच्या शिशासारखी भुकटी असेल, ती रबराची. एक ठोकळा बाहेर काढून उजेडात धरा. नव्याच्या कडा नीट असतात. जुन्याच्या एका अंगावर पाकळीचा ठसा खोल उमटलेला असतो, टोकाला बारीक भेगा असतात आणि नखाने दाबलं तर नख रुतत नाही, इतकं ते कडक झालेलं असतं. दुसरं अंग मात्र बऱ्यापैकी शाबूत दिसेल, कारण ओढ एका दिशेने जास्त लागते. म्हणूनच काही गाड्यांत ठोकळ्याची एक बाजू जाड आणि एक पातळ असते. कुठली कुठे होती ते काढतानाच बघून ठेवा.

रबरांइतकंच पाकळ्यांकडेही बघा. ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर बोट फिरवा. खड्डा लागला, कड पातळ झालेली दिसली, तर नवं रबरही तिथे घट्ट बसणार नाही आणि हब बदलावा लागेल. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून रबरांच्या फटीत कोंबायची पद्धत बरेच जण वापरतात. मी ती फक्त गाडी घरी पोचवण्यापुरती मान्य करतो. तुकडे काही दिवसांत सरकतात, एका खणात जाड आणि दुसऱ्यात पातळ होतात. मग हब मध्यापासून ढळतो आणि चेन एका जागी ताठ होते. तुमच्या गाडीत आधी कुणी असं केलंय का, तेही उघडल्यावर दिसेल.

नवी रबर बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. हब दोन्ही तळहातांनी दाबून बसवायचा. शेवटचा थोडा भाग अडला तर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. हब सपाट बसला की नाही ते चारी बाजूंनी बघा.

आता बेअरिंग, आणि इथे घाई नको. तर्जनी बेअरिंगच्या आतल्या कड्यात घाला आणि सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग ग्रीसमध्ये फिरल्यासारखं एकसारखं जातं. खराब बेअरिंगमध्ये बोटाला वाळू लागते किंवा ते ठरावीक जागी अडकून पुढे उडी मारतं. तीनपैकी एकही असं निघालं तर मी तिन्ही बदलतो आणि ऑइल सीलही नवीन घालतो. चाक उतरवायची मेहनत तर झालेलीच असते. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वाचूनच नवं आणा. 6202 म्हणजे आतलं भोक 15, बाहेरचा व्यास 35, जाडी 11 मिलिमीटर. 6203 म्हणजे 17, 40, 12. 6301 म्हणजे 12, 37, 12. पुढची अक्षरंही बघा. 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, सी3 म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त. जुन्यावर जे असेल तेच घ्या.

काढताना आधी सील, मग सर्क्लिप (बेअरिंग अडवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) असेल तर ती. दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते. तिला लांब पंचने किंचित बाजूला सरकवलं की पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याची कड दिसते. त्या कडेवर पंच ठेवून एक ठोका इकडे, एक समोर, असं फिरत-फिरत ठोका. एकाच जागी ठोकत राहिलात तर बेअरिंग तिरकं होऊन घर ओरबाडतं. निघत नसेल तर हब गरम करा, हॉट एअर गन पुरते. त्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे घर मोकळं होतं. नवं बेअरिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवलं आणि हब कोमट केला तर बसवणंही हलकं होतं.

बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. त्याच व्यासाचा सॉकेट किंवा जुनंच बेअरिंग वर ठेवून ठोका. आतल्या कड्यावर एक जरी जोरदार ठोका बसला तरी गोळ्यांचे ठसे मार्गावर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कुरकुरतं. एका बाजूचं बेअरिंग पूर्ण तळाला बसवा, आवाज ‘ठप ठप’चा ‘टण’ झाला की बसलं. मग मधली नळी आत टाका, ती विसरू नका. मग दुसऱ्या बाजूचं, पण ते नळीला टेकेपर्यंतच. त्यापुढे एक ठोकाही नाही.

हे शेवटचं मी नुकसान करून शिकलोय. काम शिकत असताना दुसरं बेअरिंगही मी पहिल्यासारखंच जोराने बसवलं. नळीने पहिल्या बेअरिंगचा आतला कडा बाहेर ढकलला आणि ॲक्सल आवळल्यावर चाक जड फिरायला लागलं. नवीन आहे, मोकळं होईल, असं समजून मी गाडी दिली. पंधरा दिवसांत ती परत आली, तेव्हा बेअरिंगचा पिंजरा फुटून तुकडे हबमध्ये पडले होते. मालकाला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. तेव्हापासून प्रत्येक बेअरिंग बसवल्यावर मी दोन्ही बाजूंना बोट घालून फिरवतो, आणि ॲक्सल आवळल्यावर चाकाला हलका हात देऊन बघतो. ते आपसूक दोन-तीन फेऱ्या घ्यायला हवं, ब्रेक घासत नसेल तर.

चाक चढवताना ॲक्सल स्वच्छ पुसून ग्रीसचा पातळ थर द्या. चेनला चेन-लॉक, म्हणजे क्लिपने बंद होणारी जोडकडी, असेल तर त्याच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला हवं. वरची चेन मागून पुढे, इंजिनाकडे जाते, म्हणून वरच्या बाजूला बंद तोंड इंजिनाकडे.

ढील किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर दिलेलं असतं. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर लागते. माप चेनच्या सगळ्यात ताठ जागेवर घ्यायचं, सैल जागेवर नाही. गाडी सेंटर स्टँडवर असताना मोजायची की साइड स्टँडवर, तेही पुस्तकात सांगितलेलं असतं, कारण दोन्हींत फरक पडतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. दोघं बसून खड्ड्यात गेलात की हीच स्थिती येते. त्या क्षणी चेनमध्ये ढील उरली नाही तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि हबच्या बेअरिंगवर जातो. जरा सैल चेन आवाज करते, पण ताठ चेन आवाज न करता बेअरिंग खाते. आवाज बंद करायला चेन ताणू नका असं मी म्हणतो ते यासाठी.

स्विंगआर्मवरच्या रेघांवर पूर्ण विसंबू नका. दोन्ही बाजूंना स्विंगआर्मच्या पिनेच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत मोजून अंतर सारखं करा. मग मागून, चेनच्या उंचीवर डोळा आणून बघा. चेन स्प्रॉकेटवर सरळ रेषेत शिरली पाहिजे. ॲक्सलचा नट टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याला आवळा. आवळताना ॲक्सल थोडा सरकतो, म्हणून ढील पुन्हा एकदा मोजा. ड्रम ब्रेक असेल तर पेडल दाबून धरून नट आवळा, म्हणजे लायनर मधोमध बसतात. डिस्क असेल तर निघायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत मारा.

चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवा. ओ-रिंगवाल्या, म्हणजे सांध्यांत रबरी कड्या असलेल्या, चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य. ऑइल गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या चेनच्या आतल्या अंगाला द्या, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जातं आणि सांध्यांतून जातं. 300-400 किलोमीटर चालवल्यावर मागच्या स्प्रॉकेटचे नट, ढील आणि ब्रेक दाबून स्प्रॉकेट हलवायची ती पहिली तपासणी पुन्हा करा. नवी रबर सुरुवातीला किंचित बसतात.

एक तपासणी मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण ती चेन उतरलेली असतानाच होते आणि तुमची चेन दोनदा ताणलेली आहे. पुढचं स्प्रॉकेट दोन बोटांत धरून शाफ्टसकट वर-खाली हलवा. थाळीवाल्या स्प्रॉकेटचं शाफ्टवरचं डुलणं वेगळं, इथे शाफ्ट स्वतः हलतो का ते बघायचं आहे. त्याच्यामागच्या सीलभोवती ताज्या ऑइलचा ओलावा आहे का तेही बोटाने पुसून पाहा. शाफ्ट हलत नसेल आणि सील कोरडा असेल तर झाकण परत लावा आणि रबर-बेअरिंगचं काम पुरं करा. शाफ्ट वर-खाली हलला तर मात्र ताठ चेनने आतलं बेअरिंग खाल्लंय, आणि त्या एका बेअरिंगसाठी इंजिन उघडावं लागेल.